लाओसचं सांगा, स्वतःचं पुरे

टाळ्या पुरे झाल्या. बसा. मागच्या रांगेतल्यांनीही बसायचं, दाराशी घुटमळायचं नाही. तासभर तुमचे फोटो आम्ही मुकाट्यानं पाहिले, आता तुम्ही माझं ऐकायचं. "बाईंनी भूगोल शिकवला म्हणून आम्ही जग बघायला बाहेर पडलो," असं माइकवरून म्हणालात ना? तिथेच फसलात. माझं नाव मध्ये आणलं नसतंत तर मी दोन कौतुकाचे शब्द बोलून घरी गेले असते. नाव आणलंत, तर आता पेपर तपासल्याशिवाय सोडणार नाही.

काय काय सांगितलंत? मेकाँगवरच्या बोटीत दोन दिवस बाकावर बसून कंबर मोडली. पाकबेंगच्या मुक्कामाला रात्रभर वीज नव्हती. लुआंग प्राबांगची बस चार तास उशिरा सुटली. तिच्या टपावर तांदळाची पोती आणि एक अख्खी मोटारसायकल, आणि शेजारच्या बाईच्या टोपलीत जिवंत कोंबड्या. रात्रीच्या बसमध्ये एका बिछान्यावर दोघं, तेही एकमेकांना अनोळखी. साध्या भाजीलाही मासळीचा वास. डोंगरात फोटो धुरकट आले. खोलीचे दोन लाख किप सांगितले होते, ते तुम्ही सव्वा लाखावर आणले, आणि या वाक्याला सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या. शेवटी पडद्यावर खर्चाचा तक्ता, खाली ठळक अक्षरांत एकूण रक्कम.

आता असं करा. या सगळ्यातून लाओस खोडा आणि तिथे मादागास्कर लिहा, नाहीतर बोलिव्हिया. गावांची नावं तेवढी बदला. एक तरी वाक्य दुरुस्त करावं लागतं का? नाही लागत. लग्नाच्या पंगतीत पोटभर जेवून उठलेल्या माणसानं बसायचा पाट किती टणक होता तेवढंच घरी येऊन सांगावं, तसला हा प्रकार आहे. तुमची कंबर, तुमचं पोट, तुमचं पाकीट, तुमची झोप. देश कुठे गेला?

आणि "बाई, तिथले रस्ते बघाल तर कळेल" असं कुणी पुटपुटलेलं मला ऐकू आलंय. बघितलेत. निवृत्त झाल्यावर त्याच बोटीनं आणि त्याच बसनं गेले होते, या गुडघ्यांसकट. तेव्हा ती सोय नाही.

सुरुवात अगदी सोप्या प्रश्नानं करू. लुआंग प्राबांग कोणत्या अक्षांशावर आहे? बघा, तिथे जाऊन आलेल्यांतला एक हात वर नाही. साधारण वीस अंश उत्तर, म्हणजे आपल्या नाशिकच्याच रेघेवर. राजधानी व्हिएंतियान वाई-महाबळेश्वरच्या रेघेवर. दक्षिणेतलं पाक्से गोव्याच्या. अख्खा देश कर्कवृत्ताच्या खाली, आकारानं महाराष्ट्राच्या पाऊण, आणि लोकसंख्या पंचाहत्तर लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्यात याहून जास्त माणसं होती. पाऊसही आपल्यासारखाच नैर्ऋत्येकडून येणारा, मे ते ऑक्टोबर. बोटीतून जाताना लुआंग प्राबांगच्या अलीकडे काठाकाठानं सागाची लागवड दिसते. साग! मेळघाटात सहलीला नेऊन मी तुम्हाला ज्याचं पान चोळून बोटं लाल करून दाखवली, तोच. एकाच्याही फोटोत साग नाही. फोटोत पुढे तुमचे चेहरे, मागे हिरवा रंग.

धुरकट फोटोंबद्दल तर तू चक्क "सकाळचं धुकं" म्हणालीस. मार्च महिन्यात, दुपारी दोन वाजता? तो धूर होता गं. उत्तर लाओसमध्ये डोंगरउतारावर झाडोरा तोडतात, वाळवतात, पावसाआधी जाळतात आणि त्या राखेत भात पेरतात. आपल्या सह्याद्रीत हीच शेती कुमरी म्हणून चालायची, इंग्रजांनी ती बंद पाडायचा सपाटा लावला. दहावीच्या वर्षी याच्यावर तू निबंध लिहिला होतास. तिथे पुढ्यात जळताना दिसलं आणि ओळखलं नाहीस. शेजारच्या थायलंड-म्यानमारमधलाही धूर त्यात मिसळतो, मार्च-एप्रिलमध्ये त्या सगळ्या पट्ट्याला श्वास घेणं जड जातं. तिथली पोरं त्याच धुरात शाळेला जातात. तुमचे फोटो बिघडले एवढीच तुमची तक्रार.

पाकबेंगच्या विजेवर थोडं जास्त बोलते, कारण त्या गोष्टीवर तुम्ही सगळ्यात जास्त हशा मिळवलात. मेणबत्तीच्या उजेडात नूडल्स, पंखा बंद, डास, वगैरे. लाओस शेजाऱ्यांना वीज विकतो, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं? आग्नेय आशियाची बॅटरी व्हायचं, असं तिथल्या सरकारनं ठरवलं आणि नद्यांवर धरणांमागून धरणं बांधली. लुआंग प्राबांगच्या खालच्या अंगाला मेकाँगवरच सायाबुरीचं धरण आहे. २०१९ मध्ये सुरू झालं, क्षमता १२८५ मेगावॉट, आणि त्यातली जवळजवळ सगळी वीज थायलंडला जाते. लुआंग प्राबांगच्या वरच्या बाजूला आणखी एक मोठं धरण उभं राहतंय, तुमची बोट त्याच पात्रातून आली. म्हणजे ज्या नदीवर बसून तुम्ही अंधाराची गंमत सांगताय, त्या नदीची वीज बँकॉकच्या दुकानांतली थंड हवा चालवते. हे सांगितलं असतंत तर मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या.

दक्षिणेला अट्टापू प्रांतात तर २३ जुलै २०१८ च्या रात्री एका जलविद्युत प्रकल्पाचा बांध फुटला. सेपियान-सेनामनॉय त्याचं नाव. काम पुरं व्हायचं होतं, पाऊस मुसळधार होता. डझनावारी माणसं गेली, हजारो उघड्यावर आली. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांच्या आजोबांची घरं गेली अशी दोन मुलं याच सभागृहात बसलीयेत, मी त्यांची नावं घेत नाही. धरणाची वीज एका गावाला आणि पाणी दुसऱ्या गावाच्या उरावर, हे त्यांना शिकवावं लागत नाही. पाक्सेहून अट्टापूच्या दिशेनं कॉफीचे मळे बघायला तुम्ही गेलात, धबधब्याखाली ओले झालात. पुढे काय घडलं होतं, चौकशी नाही.

आता बस. बस उशिरा का सुटली? "तिकडे वेळेची किंमतच नाही," असं तू म्हणालास आणि सगळे हसले. हसणाऱ्यांनी ऐका. लाओसचा सुमारे तीनचतुर्थांश भाग डोंगराळ. समुद्र नाही, चहूबाजूंनी पाच देश. उत्तर-दक्षिण जाणारा मुख्य रस्ता एकच म्हणावा असा, तेरा नंबरचा. चीनच्या सीमेवरून निघतो तो थेट कंबोडियाच्या सीमेपर्यंत. लुआंग प्राबांग ते वांग व्हिएंग हा त्यातला घाट पावसाळ्यात खचतो आणि उन्हाळ्यात दुरुस्तीला निघतो. या रस्त्यावर जी बस धावते ती नुसती तुमची बस नसते. तीच टपाल, तीच मालगाडी, तीच रुग्णवाहिका. पोतं चढवल्याशिवाय ती सुटणार नाही, कारण पुढच्या गावात त्या पोत्याची कुणीतरी वाट बघतंय. टपावरची मोटारसायकल कुणाच्या तरी वर्षभराच्या कमाईची असते. त्या बसचा चालक वेळ पाळतो, फक्त ती वेळ तुमच्या घड्याळातली नाही. एवढं कळायला गाडीत बसलेल्या एका माणसाशी बोलावं लागतं, खाणाखुणांनी का होईना. टोपलीवाल्या बाईशेजारी तुम्ही किती तास बसलात? त्या कोंबड्या विकायला चालल्या होत्या की लेकीच्या बाळंतपणाला, विचारलंत?

परतीला मात्र रेल्वेनं आलात आणि लगेच सूर बदलला. चकाचक, वेळेवर, विमानतळासारखी स्टेशनं. डिसेंबर २०२१ मध्ये ही रेल्वे सुरू झाली, चीनच्या सीमेवरच्या बोटेनपासून व्हिएंतियानपर्यंत, सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. निम्म्याच्या जवळपास वाट बोगद्यांतून जाते, म्हणून तुम्हाला काही दिसलं नाही. बसनं अख्खा दिवस खाणारं अंतर दोन तासांत कापलं. खर्च सुमारे सहा अब्ज डॉलर. देशाच्या एका वर्षाच्या सगळ्या उत्पन्नाच्या जवळजवळ एक तृतीयांश! त्यातला मोठा वाटा चीनच्या बँकेचं कर्ज, आणि कंपनीत चीनची भागीदारी सत्तर टक्के. मी त्या रेल्वेला वाईट म्हणत नाही. आजाऱ्याला दोन तासांत राजधानी गाठता येणं ही लहान गोष्ट नव्हे. पण दोन स्टेशनांच्या मधल्या डोंगरातली माणसं आजही तेरा नंबरच्या रस्त्यावरच उभी असतात, आणि ती मधली माणसं बघायला मिळतात म्हणून तर जमिनीवरून प्रवास करायचा असतो. नाहीतर विमानानं जा की.

याच कर्जाला धरून तुमच्या त्या लाडक्या वाक्यावर येते. "लाओस हा भयंकर स्वस्त देश आहे." सतरा वेळा म्हणालात. कुणासाठी स्वस्त?

वही काढा असं म्हणायची सवय आहे माझी, पण असू दे, तोंडीच करा. २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला नऊ-साडेनऊ हजार किप मिळत. २०२४ मध्ये एकवीस हजारांच्या पुढे. म्हणजे तीन-चार वर्षांत त्या चलनाची किंमत निम्म्याहून खाली आली. परदेशी कर्जाचे हप्ते डॉलरमध्ये, पेट्रोल बाहेरून, खतं बाहेरून, औषधं बाहेरून. २०२२ मध्ये पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत महागाईचा दर एक्केचाळीस टक्क्यांवर गेला. काल शंभराला मिळणारी वस्तू वर्षानं एकशे एक्केचाळीसला, आणि पगार त्या चालीनं वाढत नाहीत. तरुण पोरंपोरी मेकाँग ओलांडून थायलंडात मजुरीला चालली आहेत, कारण थाई बाटमध्ये मिळालेला पैसा घरी पाठवेपर्यंत वितळत नाही. तुम्ही ज्याला स्वस्ताई म्हणताय ती त्यांची महागाई आहे. तुमच्या खिशात रुपये होते म्हणून तुम्हाला ती उलटी दिसली. अर्थशास्त्र मी शिकवलं नाही, पण इतकं समजायला शेतकऱ्याचं पोर असणं पुरेसं आहे, आणि तुमच्यातले निम्मे आहात.

तर ते दोन लाखांचे सव्वा लाख. पंचाहत्तर हजार किप म्हणजे आपले तीनशे रुपयांच्या आसपास. इथे येताना रस्त्यात जी थंड कॉफी घेऊन आलात, तो ग्लास अजून तुझ्या हातात आहे, तो केवढ्याचा? तिथे घासाघीस केली नाहीत? दरफलक बघून मुकाट्यानं पैसे टाकलेत, कारण पोरगा इंग्रजीत बोलत होता आणि दिवे झकपक होते. तिकडे मात्र घराच्या अर्ध्या भागात खोल्या काढून बसलेल्या बाईशी अर्धा तास हुज्जत घातलीत. बाजारात भाव करणं गैर नाही. तिथलेही करतात, हसतखेळत करतात, दोन वेळा मागे-पुढे होऊन मिटवतात. पण समोरच्याला गरज आहे हे ओळखून त्याला पिळायचं आणि मग त्याची गोष्ट करून स्टेजवर सांगायची, याला मी काटकसर म्हणणार नाही. काटकसर मला चांगली कळते. तुमच्या शाळेच्या पगारात मी दोन मुलं वाढवली. काटकसर करणारा माणूस खालच्या दर्जाची खोली घेतो आणि तिचे पुरे पैसे देतो.

(आणि ती परदेशी पाहुण्यांना जादा दर लावतात म्हणून केलेली ओरड! आपल्या अजिंठ्याला परदेशी माणसाचं तिकीट आपल्यापेक्षा किती पट असतं ते जरा विचारा.)

जेवणाविषयी थोडक्यात. त्या देशात चिकट भात हाताच्या मुठीत वळून, चटणीत बुडवून खातात, आणि जेवणात आंबवलेल्या मासळीचं खारं पाणी घालतात. समुद्र नसलेल्या, नदीवर जगणाऱ्या माणसांनी प्रथिनं टिकवायची काढलेली ती युक्ती. मालवणातल्या पोरीनं सुक्या मासळीच्या वासाला नाक मुरडावं, याहून विनोदी मी आज काही ऐकलं नाही. शाकाहारी असाल तर नम्रपणे नको म्हणा. नाक धरून फोटो काढायचा नाही.

पहाटे लुआंग प्राबांगच्या रस्त्यावर भिक्खूंची रांग येते. गावातल्या बायका चटईवर गुडघे टेकून बसतात आणि प्रत्येकाच्या पात्रात मुठीमुठीनं भात घालतात. चपला काढून, खांदे झाकून, आवाज न करता. हे गाव १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. लांब उभं राहा, फ्लॅश मारू नका, भिक्खूंना शिवू नका, अशा पाट्या गावात जागोजागी इंग्रजीत लावलेल्या आहेत. तुमच्या फोटोत भिक्खूच्या तोंडावर उजेड पडलाय. कोणाचा कॅमेरा होता ते विचारत नाही, कारण मला माहीत आहे.

वांग व्हिएंगबद्दल मात्र विचारणार. टायरच्या ट्यूबवर बसून नदीतून वाहत जायचं, काठावरच्या दुकानांत थांबून प्यायचं. "आम्हाला पहिला पेला फुकट!" असं म्हणालात. २०११ मध्ये त्या एका लहान गावात दोन डझनांवर परदेशी पोरं बुडून, आपटून मेली. पुढच्या वर्षी सरकारनं काठावरचे दारूचे अड्डे मोडून काढले. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच गावात भेसळीच्या दारूनं सहा परदेशी प्रवासी दगावले. दोन डेन्मार्कच्या, दोन ऑस्ट्रेलियाच्या, एक ब्रिटिश, एक अमेरिकन. बहुतेक तुमच्याच वयाची. मिथेनॉल. रंग नाही, वास ओळखू येत नाही, आणि डोळे आधी जातात. मालाडच्या मालवणीत २०१५ मध्ये शंभरावर माणसं याच विषानं गेली, ती बातमी तुम्हाला शाळेत वाचून दाखवली होती. आणि तरी फुकटचा पेला! तुमच्या आईवडिलांना हे मी सांगितलेलं नाही. अजून.

विनापरवाना मोटारसायकली भाड्यानं घेऊन थाखेकच्या बाजूला चुनखडीच्या डोंगरांत भटकलात, तेही त्याच पठडीतलं. नदी डोंगराच्या पोटातून सात किलोमीटर वाहते ती कोंगलोरची गुहा बघितलीत, त्याबद्दल शाबासकी. पण पाय मोडला असता तर? त्या देशातली ऐपतदार माणसंसुद्धा मोठ्या दुखण्याला नदीपलीकडे थायलंडातल्या उदोन थानीला जातात. आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर विमा कंपनी एक दमडी देत नाही. मग इथे वर्गणी गोळा करायची, आणि पहिली पावती माझ्या नावाची.

आता जो फोटो पाहून मी खुर्चीतून उठणार होते, त्याच्याकडे वळते. फोनसावानचा. मागे गेस्टहाउसच्या दारात पुरुषभर उंचीचं बॉम्बचं कवच उभं, आणि त्याला टेकून तुम्ही चौघं, दोन बोटं वर करून, दात काढून.

ते काय आहे, माहीत होतं का? १९६४ ते १९७३, नऊ वर्षं. अमेरिकेनं या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. युद्ध न पुकारता. सुमारे पाच लाख ऐंशी हजार विमानफेऱ्या. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांना एक विमानभर बॉम्ब, रात्रंदिवस, नऊ वर्षं. आणि हे नुसते मोठे बॉम्ब नव्हेत. एका कवचातून शेकडो बारके, मुठीएवढे गोळे विखुरायचे, असे सत्तावीस कोटींच्या आसपास टाकले गेले. त्यातले सुमारे तीस टक्के फुटलेच नाहीत. ते शेतात आहेत, बांबूच्या बेटात आहेत, विहिरीच्या मातीत आहेत. दिसतात चेंडूसारखे. नांगराला लागतात, चुलीखालच्या उष्णतेनं फुटतात, मुलं खेळायला उचलतात. युद्ध संपल्यानंतर वीस हजारांवर माणसं मेली किंवा लुळी झाली. बराक ओबामा २०१६ मध्ये व्हिएंतियानला गेले, पदावर असताना तिथे गेलेले ते पहिले अमेरिकन राष्ट्राध्यक्ष. सफाईसाठी तीन वर्षांत नऊ कोटी डॉलर देऊ म्हणाले. सफाई अजून चालूच आहे आणि तुमची नातवंडं होईपर्यंत चालेल.

त्याच परिसरात दगडी रांजणांचं पठार आहे. माणसाहून मोठे, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कोरलेले रांजण, २०१९ पासून जागतिक वारसा. तिथे जमिनीत लहान खुणेचे दगड बसवलेत, एका बाजूनं पांढरे, एका बाजूनं लाल. पांढऱ्या बाजूची जमीन तपासलेली. लाल बाजूला पाऊल टाकायचं नाही. आणि तू "चांगल्या अँगलसाठी जरा वर चढलो" म्हणालास. किती लाल खुणा ओलांडल्यास रे? मोजल्यास? चौथीतल्या पोराला रस्ता ओलांडायला शिकवतात तितकी अक्कल तिथल्या चार वर्षांच्या मुलाला त्या दगडांबद्दल असते. तिथल्या एका गावात पडलेल्या बॉम्बचं ॲल्युमिनियम वितळवून चमचे करतात. ते चमचे तुम्ही घासाघीस करून आणलेत आणि मघाशी आम्हाला वाटलेत. माझा हा घ्या परत.

व्हिएंतियानमध्ये या बॉम्बमुळे हातपाय गेलेल्यांना कृत्रिम अवयव बसवून देणारी संस्था आहे, कोप नावाची. तिथलं प्रदर्शन बघायला तिकीट नाही. सगळं फुकट शोधणाऱ्या तुम्हाला नेमकं हेच फुकट कसं सापडलं नाही? तो दिवस तुम्ही कुठे घालवलात ते तुमच्या तक्त्यात आहे: मसाज, साडेतीन तास.

सुवर्णत्रिकोणातल्या कॅसिनोच्या फोटोबद्दल एकच वाक्य. बोकेओ प्रांतातल्या त्याच झगमगाटात नोकरीच्या आमिषानं नेलेली, पासपोर्ट काढून घेऊन संगणकावर लोकांना लुबाडायला बसवलेली भारतीय पोरं २०२४ मध्ये आपल्या वकिलातीनं सोडवून आणली, आणि त्या कमानीसमोर तुम्ही नाचलात.

दक्षिणेतल्या वात फूच्या देवळात मात्र तुम्हाला अभिमान वाटला. डोंगराच्या माथ्यावर आपोआप घडलेलं शिवलिंग, खाली ख्मेर राजांनी बांधलेलं शिवमंदिर, आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे जीर्णोद्धार करतायत. "हे आपलंच आहे" असं तू छाती पुढे काढून म्हणालास. अरे, ते ख्मेरांनी बांधलं, मग लाओ माणसांनी तिथे बुद्ध बसवला आणि शतकानुशतकं फुलं वाहिली, म्हणून ते टिकलं. तू काय केलंस? पायऱ्या चढलास.

गरिबीत प्रवास कुणी केला नाही असं समजू नका. वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फिटावं, दक्षिणा मिळावी म्हणून पायी उत्तरेत गेले, ऐन १८५७ च्या धामधुमीत सापडले, लुटले गेले. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये पायाचे फोड शोधावे लागतात. झाशी मात्र डोळ्यांपुढे उभी राहते. आणि लुआंग प्राबांगच्या बाहेर, नाम खान नदीच्या काठी, आंरी मूओ या फ्रेंच माणसाची कबर आहे. तुम्ही तिच्यापासून फार लांब पोहत नव्हता. हा गडी सियाम-कंबोडिया पालथा घालून बैलांवर सामान लादून लाओसात आला, कीटक आणि शिंपले गोळा करत, रोज टिपणं लिहीत. १८६१ मध्ये तापानं तिथेच मेला, पस्तिशीत. त्याचे विचार सगळे मला पटतात असं नाही. वसाहतवाल्यांच्या काळातला माणूस तो. पण त्याच्या टिपणांवरून लोकांनी देश ओळखला. तुमच्या तक्त्यावरून फार तर खोलीचा दर ओळखतील, आणि तोही पाडलेला.

आता हे शनिवारी नववीच्या मुलांना दाखवायचं तुमचं ठरलंय, मुख्याध्यापकांनी मला विचारलंय. या स्वरूपात मी होऊ देणार नाही. बॉम्बच्या कवचाचा फोटो राहू द्या, पण त्यातून तुम्ही चौघं बाहेर व्हा, आणि शेजारी ते आकडे लिहा. भिक्खूंचा फोटो पुसून टाका. खर्चाचा तक्ता ठेवायचा तर दोन रकाने करा: तुम्ही काय दिलंत, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच वस्तूला तिथला माणूस काय देत होता. नकाशा हातानं काढायचा, तेरा नंबरचा रस्ता, रेल्वे आणि मेकाँग तीन वेगळ्या रंगांत, नाशिकची रेघ त्यावरून ओढायची. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता माझ्या घरी घेऊन यायचं. दिवाळीत कंबोडियाला निघालेल्यांनीही यायचं, आणि येताना तिथल्या भूसुरुंगांबद्दल दोन पानं लिहून आणायची. इंटरनेटवरून उतरवलेली मला कळतात.